चिंबोऱ्यांच्या गेममधली फट

माझ्या केसरीनाथमामांनी साठीला टेकल्यावर कॉम्प्युटर गेम बनवला. कशेळीत हे कोणालाही सांगा, पहिला प्रश्न येतो, कोणासाठी? मामांना हे विचारून झालं आहे. ते म्हणतात, स्वतःसाठी. मग पुढचा माणूस विषय बदलतो.

मामांची खाडीकडची खाजणाची जमीन गोडाऊनखाली गेली. भाडं येतं, कामाला जायचं नाही आणि चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरायला चिखल उरला नाही. आमच्याकडे असा रिकामा बसलेला माणूस राजकारणात जातो, नाहीतर देवळाच्या कमिटीवर. मामा दोन्हीकडे जाऊन कंटाळून परत आले. तेवढ्यात त्यांच्या मुलीने, मृणालीने, नवा लॅपटॉप घेतला, जुना घरात पडून राहिला, आणि मामा व्हिडिओ बघून बघून शिकले. गेममध्ये बनियन घातलेला एक माणूस चिखलात चिंबोऱ्या धरतो. भरती यायच्या आत जेवढ्या मिळतील तेवढ्या. भरती आली की बुडतो, ओहोटी लागली की परत उभा राहतो. मी विचारलं, यात जिंकायचं कसं? मामा म्हणाले, खाडीत कोणी जिंकत नसतं.

मी वळ गावातल्या एका गोडाऊनमध्ये कॉम्प्युटर ऑपरेटर आहे, म्हणजे आल्यागेल्या मालाच्या एन्ट्र्या मारतो. नातेवाइकांच्या लेखी मात्र मी इंजिनियर. त्यामुळे गेमला गाणं लावायची वेळ आली तेव्हा बोलावणं मलाच आलं.

गाणं आनंदीमामीचं होतं. मामी धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात मांडवाला, हळदीला धवले म्हणायला धवलारीण लागते. मामी गायची ती कायम जोडीने. ती ओळ म्हणायची आणि तिची जोडीदारीण कमळमावशी झेलायची. मामीचा शेवटचा शब्द हवेत असतानाच मावशी तो उचलायची, म्हणून गाणं कुठे तुटायचं नाही. मग कमळमावशी वारली. मामीने दुसरी जोडीदारीण केली नाही. तोवर मांडवात डीजे आला होता, त्यामुळे कोणाच्या फारसं लक्षातही आलं नाही.

आणि मग मामीच्या गळ्यात गाठ निघाली. ठाण्याच्या डॉक्टरने सांगितलं, गाठ काढावीच लागेल, पण ती आवाजाच्या नसेला लागून आहे. आवाज घोगरा होईल, कदाचित तसाच राहील. घरी आल्यावर पाण्याचा तांब्या हातात देताना मामी मला म्हणाली,

"प्रितेश, गला गेला तं मी कोन रं?"

मामांनी मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले की गेमला गाणं पाहिजे.

मामीने मांडवाचा धवला म्हटला. त्याचा शेवटचा शब्द 'मांडवदारी'. तो गेममध्ये लावला आणि रड सुरू झाली. गाणं संपून परत सुरू होताना मध्ये फट पडायची. थोडी फट फाईलची होती. एमपीथ्री फाईल पुढेमागे जराशी शांतता चिकटवून घेते, हे मलाही तेव्हाच कळलं. फाईलचा प्रकार बदलला, ती गेली. उरलेली फट मामीची होती. कमळमावशी झेलेल म्हणून ती सवयीने शेवटच्या शब्दानंतर थांबली होती.

मामांना ती फट खपेना. गेम खेळणारा जगात एकच माणूस आणि तोच मागे लागलेला. मी शेवटच्या शब्दाचं रेंगाळणं कापून पहिल्या शब्दाच्या अंगावर चढवलं, सांधा कानाने तासत बसलो. अखेर गाणं असं फिरायला लागलं की संपतं कुठे आणि सुरू होतं कुठे ते मलाही सांगता येईना. मामा खूश. मामीने डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "ही बाई दम कवा घेते?" मग पिशवी घेऊन ऑपरेशनला गेली.

ऑपरेशन नीट झालं. टाके सुकले, डॉक्टर म्हणाला आता बोला. मामी बोलेना. हाक मारायची तर टाळी वाजवायची, नको असेल तर हात हलवायची. गावात झालं की आनंदीचा आवाज गेला. पण तो गेला की राहिला हे कोणी पाहिलंच नव्हतं, तिने स्वतःही नाही. तोंड उघडल्यावर काय बाहेर पडेल, याची तिला भीती वाटत होती. मामांच्या घरात ओरडणारं माणूस एकच होतं. ते गप्प झाल्यावर मामा वाळायला लागले.

एक दिवस त्यांचा फोन आला. "ती फट परत टाक."

मी भडकलो. इतके दिवस खपून जुळवलेला सांधा हे उसवायला सांगतात. म्हटलं, मामा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?

"टाक बोल्लो ना."

टाकली. रविवारी सकाळी जाऊन गेम चालू करून दिला. मामांनी आवाज पूर्ण वाढवला आणि ओटीवर बसून चिंबोऱ्या धरायला लागले. आत मामी बोंबील साफ करत होती.

मांडवदारी. फट. गाणं पहिल्यापासून. मांडवदारी. फट. आत भांडं आपटलं. मामांनी चिंबोरी धरली. परत फट. परत भांडं, या वेळी मोठं. मला उठून पळावंसं वाटत होतं. मामी दारात आली, हाताला बोंबलाचं पाणी, चेहरा असा की आता लॅपटॉप खाडीत जातो.

गाणं शेवटावर आलं. मांडवदारी.

आणि तो शब्द खाली पडायच्या आत मामीने उचलला.

"मांडवदारी..."

आवाज घोगरा होता, पार खाली गेलेला. कोणा दुसऱ्याच बाईचा म्हणावा असा. जन्मभर पहिली ओळ म्हणणाऱ्या मामीने कमळमावशीची ओळ झेलली होती. लॅपटॉपमधली मामी पुढे गाऊ लागली आणि दारातली मामी तिच्या शेवटाची वाट बघत उभी राहिली. शेवट आला. तिने परत झेलला. या वेळी मधेच आवाज फुटला, तरी ती थांबली नाही. ओळ पुरी करून दाराला टेकली आणि छातीवर हात ठेवून श्वास घेत राहिली. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

मामा स्क्रीनवरच बघत होते. बोटं कळांवरून निघाली होती, त्यामुळे भरती येऊन बनियनवाला कधीच बुडाला होता. त्यांनी बाहीने डोळे पुसले.

"प्रितेश," ते म्हणाले, "फट जराशी मोठी कर. तिला दम लागतो आता."