पाठीत चिकटवलेलं शुद्धिपत्र

माझी शाळा तिसरीत सुटली. लग्न होऊन सोलापूरकडून रत्नागिरीला आले तेव्हा मला समुद्राची धास्ती होती, आणि त्याहून जास्त पुस्तकांची. आमच्या यांचा धंदा पुस्तकबांधणीचा. वाचनालयातली फाटकी पुस्तकं आमच्याकडे यायची. गावातलं निम्मं शहाणपण आमच्या पडवीत दाबाखाली पडलेलं असायचं. हे शिवायचे, मी खळ शिजवायची आणि पुस्तकाच्या पाठीला आतून रद्दी कागदाचं अस्तर चिकटवायची.

खळ म्हणजे गव्हाच्या पिठाची चिकट पेजच. कसर आणि झुरळं लागू नयेत म्हणून तीत मोरचुदाची पूड घालायची, की रंग फिका निळा व्हायचा. मोरचूद विषारी, एवढं ठाऊक होतं. पण किती, आणि पोटात गेलं तर काय करायचं, हे ज्याला विचारावं तो वेगळंच सांगे. वाणी तर हसायचा. "सुपारीच्या बागांवर मारतात की ते! सुपारी खाऊन कोण मेलं?"

तेहेतीस-चौतीस सालची ती दुपार. हे वाचनालयात गेलेले. मी खळ निवायला ठेवली, दोरा आणायला आत गेले आणि परत आले, तर दोन वर्षांची माझी लेक वाडग्यात हात घालून बोटं चाटत बसलेली. तिची पेजही तसल्याच वाडग्यात निवायची. ओठ निळे!

माझी किंकाळी ऐकून दगडी गडग्यापलीकडच्या मुसलमान शेजारीण खाला धावत आल्या. परमुलखात मला पहिला आधार दिला तो या म्हातारीनं.

"काय झालां गो?"

"खळ खाल्ली हिनं! मोरचुदाची!"

"रडू नको. आगळ आणतंय. आंबट पोटात गेलां की विख उतरतां." आल्या पावली जाऊन त्या रातांब्याच्या आगळाची, म्हणजे कोकमाच्या आंबट रसाची, बरणी घेऊन आल्या.

दाबाखाली घरगुती औषधांचं एक पुस्तक होतं, नुकतंच बांधलेलं. मी दाबाचा स्क्रू सोडला आणि पानं उलटली. सापडलं! 'मोरचूद पोटात गेल्यास प्रथम आंबट पदार्थ द्यावा.'

"बघ, छापलेलां पण तेंच सांगतां," म्हणत खालांनी वाटीत आगळ ओतलं. वाटी पोरीच्या ओठांशी गेली आणि माझी नजर बरणीवर पडली. चिनी मातीची बरणी.

मी त्यांचा हात धरला. "खाला, आगळ तुम्ही पितळेच्या तांब्यात का नाही ठेवत?"

"येडी काय तू? कळकेल ना! पितळेत आंबटाचां विख होतां!"

"मोरचुदात तांबंच असणार, खाला! सुरी खळीत राहिली की तिच्यावर तांबडा थर चढतो, मी रोज पाहते. वरून आंबट दिलं तर पोटात कळकेल!"

खालांनी वाटी खाली ठेवली. छापील पुस्तक खोटं आणि माझी चूल खरी? तिसरी शिकलेल्या बाईनं असं म्हणायचं? आणि तेवढ्यात आठवलं! हेच पुस्तक उसवताना एक सुटं पान गळून पडलं होतं. त्यावर दोन रकाने, 'अशुद्ध' आणि 'शुद्ध'. चुकांची यादी कोण वाचतं, म्हणून मी ते कापून त्याच्याच पाठीला अस्तर लावलं होतं.

सुरी घेतली आणि नवीकोरी पाठ टराटरा फाडली. दोन दिवसांची यांची मेहनत होती ती. पान ओलसर, उलटं चिकटलेलं. मान वाकडी करून वाचलं. 'अशुद्ध'खाली 'मोरचूद: आंबट पदार्थ द्यावा', 'शुद्ध'खाली 'देऊ नये. दूध अथवा अंड्याचा पांढरा भाग द्यावा.'

"नये आहे, खाला! नये!" मी ओरडलेच.

"मग दूध?"

"सकाळीच संपलं!"

"अंडी हायत माझ्याकडे. तुझ्या घरात चालतील काय गो?"

"घरात नकोत, पोटात चालतील!"

म्हातारी पदर खोचून अशी पळाली की तिच्या कोंबड्या दचकल्या. पांढरं पाजलं. पोरीनं भडाभडा ओकलं, ते नेमकं त्या पुस्तकावर. मग तिला कडेवर टाकून दवाखान्यात धावलो. डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबलं, काय दिलं ते विचारलं.

"आंबट नाही दिलंत हे फार बरं केलंत. कुणी सांगितलं?"

"शुद्धिपत्रानं."

ते हसले. "आम्हीसुद्धा ते पान वाचत नाही, बाई." संध्याकाळपर्यंत त्यांनी पोरीला नजरेखाली ठेवलं आणि मग घरी सोडलं. तोवर निरोप ऐकून हेही धापा टाकत आले होते. लेक त्यांच्या मिशा ओढायला लागली, तेव्हा कुठे मी खाली टेकले.

दुसऱ्या दिवशी यांनी फाटलेली पाठ हातात घेतली. आता बोलणार, असं मला वाटलं. ते खाली बसले, ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, "अशी आणखी किती पाठींत गेलीत?"

घरात होती तेवढी पुस्तकं आम्ही दोघांनी उसवली. आणखी दोन शुद्धिपत्रं निघाली! प्रत्येक सापडलं की मी टाळ्या पिटायची. ती यांनी पहिल्या पानाच्याही आधी चिकटवली. वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, "अहो, हे लग्नाआधी बारसं झालं! चुका आधी आणि पुस्तक मागून?"

"घरचा हुकूम आहे," हे म्हणाले.

खळीचा वाडगा तेव्हापासून फळीवर, झाकण लावून. आपली चूक छापायला लाजला नाही तो लेखक कोण, कुठला, मला माहीत नाही. पण देवाला हात जोडताना त्यालाही जोडते. त्या पुस्तकाच्या पानांवर लेकीच्या ओकारीचा निळसर डाग राहिला. वाचनालयानं तक्रार केली नाही. त्या पानांना पुढे कधी कसरही लागली नाही.