घोट्याला हात लावायचा नाही

माझ्या नवऱ्याला टीममध्ये घेतलंच पाहिजे, असं माझं त्या वर्षी ठाम मत होतं. कुणी विचारो न विचारो, मी ते सांगत सुटले होते. नवरा अडतीस वर्षांचा, पोट जरा सुटलेलं, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा. टीम ऑस्ट्रेलियन फुटबॉलची. आणि आम्ही राहत होतो अमेरिकेत, सिएटलच्या बाहेर, बॉथेलला. म्हणजे नागपूरचा माणूस अमेरिकेत येऊन ऑस्ट्रेलियाचा खेळ खेळत होता. आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून यावर भरपूर हसून झालं होतं. हसू देत. त्यांची मुलं टेनिस खेळायची आणि हे बाहेर गाडीत हीटर लावून बसायचे. मैदानात पाय टाकायची यांची हिंमत नव्हती आणि नावं ठेवायला मात्र सगळ्यात पुढे.

नव्वदीची शेवटची वर्षं होती ती. तिकडे दोन-चार शहरांत असे संघ नुकतेच निघाले होते. आमच्याकडचा कप्तान ऑस्ट्रेलियन, धंद्याने सुतार. स्वयंपाकघरातली कपाटं बसवायला आला होता. भिंतीवर नवऱ्याचा कॉलेजातल्या कबड्डीच्या टीमचा फोटो होता. हा कुठला खेळ, असं त्याने विचारलं आणि नवऱ्याने तिथल्या तिथे त्याला कमरेत धरून फरशीवर बसवला. कप्तान उठला, पँट झटकली आणि म्हणाला, रविवारी सकाळी मैदानावर ये.

खेळ असा. चेंडू लांबट. तो हातात घेऊन पळायचं, लाथेने उडवायचा किंवा मुठीने ठोसा मारून आपल्या माणसाकडे द्यायचा. समोरच्याला धरून पाडलेलं चालतं, पण धरायचं ते खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर. गुडघ्याखाली हात गेला की शिट्टी वाजते आणि चेंडू त्यांना फुकट मिळतो. आमच्या घरातली सगळी भांडणं या एका नियमावरून झाली.

दर रविवारी मी आणि माझे बाबा ट्रेनिंग बघायला जायचो. बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. नागपूरला कापडाच्या मिलमध्ये आयुष्य काढलेलं, वय अडुसष्ट, मिलच्या कबड्डी संघातले एकेकाळचे नावाजलेले खेळाडू. कानटोपी, माझं जुनं जाकीट, खाली धोतर नाही हं, पँट. अमेरिकेत येताना दोन नव्या शिवून आणल्या होत्या. मैदानावर पोचले की कप्तानाला हात जोडून ‘जयभीम’ म्हणायचे. तोही दोन्ही हात जोडून ‘जे बीम, बाबा’ म्हणायचा. मग आम्ही रेषेबाहेर घडीच्या खुर्च्या टाकायचो आणि बारीक पावसात बसून एकेकाची हजेरी घ्यायचो.

“तो लाल केसवाला बघ. मागच्या रविवारी झोपेत होता, आज हवेत उडून राहिला.”

“त्याचं गर्लफ्रेंडशी मोडलं, बाबा.”

“तरीच. मोकळा झाला बिचारा.”

“आणि तो उंच? दोन आठवडे त्याच्या हातात चेंडूच थांबत नाहीये.”

“उंच आहे, पण उडी उशिरा मारते. चेंडू डोक्यावरून गेल्यावर उडून काय फायदा? आणि आपले जावईबापू आज जड वाटून राहिले.”

“काल वाढदिवसाच्या जेवणात तीनदा बासुंदी घेतली त्यांनी.”

“खाऊ दे. खाणाऱ्या माणसाच्या पकडीत जोर असतो.”

पकडीत जोर होताच. पण पकड कुठे? घोट्याला! कुणी चेंडू घेऊन जवळून गेला की माझा नवरा खाली झेपावून त्याचा घोटा धरायचा. माणूस धाडकन आपटायचा, शिट्टी वाजायची आणि कप्तान ओरडायचा, “घोटा नाही, मित्रा, घोटा नाही!” एका रविवारी सहा वेळा. मला वाटलं, जुनी सवय आहे, जाईल हळूहळू. जाईल कशाची? वाढतच चालली.

एका बुधवारी मी लॅबमधून लवकर घरी आले. गॅरेजचं दार वर केलं तर आत जुनी गादी अंथरलेली, नवरा तिच्यावर पालथा आणि बाबा त्याच्या पायाशी बसून सांगतायत, “अंगठा आत घ्या, बापू. आत! आता ओढा!” मी बघतच राहिले. हे म्हणे पाच आठवडे चाललं होतं.

“तुला कळत नाही का रे?” मी नवऱ्याला आत नेऊन झापलं. “तो कप्तान कंठशोष करतोय आणि तू इथे क्लास लावलायस?”

“यार, मामाजींना नाही कसं म्हणू?” तो म्हणाला. “इतक्या हौसेने शिकवतात. दिवसभर एकटे असतात घरी.”

सासऱ्याचं मन मोडायचं नाही म्हणून हा माणूस स्वतःची जागा घालवायला निघाला होता. त्यात पहिली मॅच ठरली. ऑरेगनमधला एक संघ येणार होता. कप्तानाने सांगून टाकलं, खेळाडूंची यादी येत्या रविवारी ट्रेनिंगनंतर वाचणार, आणि जो सारखे फाऊल करेल त्याला घेणं अवघड आहे. नवरा त्या दिवशी घरी आला आणि न जेवता झोपला. त्याला ती मॅच किती हवी होती, हे तो तोंडाने कधी बोलला नाही. पण आपले बूट तो रोज पुसायचा.

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. “बाबा, तुमच्यामुळे त्याला काढणार आहेत. घोट्याला हात लावायचा नाही, असा नियम आहे इथे.”

बाबांनी घास खाली ठेवला. “नियम! इथे बसायचं नाही, तिथे पाणी प्यायचं नाही, आता घोट्याला हात लावायचा नाही. आपल्यासाठीच बरे यांचे नियम निघतात.”

“हा सगळ्यांना आहे.”

“म्हणायला सगळ्यांनाच असते.”

मी चिडले, आवाज चढवला. बाबांनी चढवला नाही. ते ताटाकडे बघत बोलायला लागले आणि जे सांगितलं ते मी बत्तीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. लग्नाआधीची गोष्ट. मिलच्या संघातून जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. बाबांची पकड सुटत नाही, हे सगळ्या मैदानाला माहीत होतं. यादी लागली, त्यात यांचं नाव नाही. पुढच्या वर्षीही नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

“तिसऱ्या वर्षी मी निवडणाऱ्या सायबाकडे गेलो. म्हटलं, सायेब, माझं खेळात काय चुकते ते सांगा, मी सुधारतो. तो कागदातून मान वर न काढता म्हणे, तसं काही नाही रे, बघू पुढच्या वर्षी.” बाबांनी माझ्याकडे बघितलं. “तसं काही नाही! अगं, मग कसं होतं?”

कसं होतं ते आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं. ते तिकडेच राहिलं असं कुणी म्हणू नये. महिन्याभरापूर्वीच एका मराठी घरी मला एका काकूंनी आधी नाव विचारलं, मग आडनाव. आडनावावरून नीट कळेना म्हणून गाव. गावावरूनही कळेना, तेव्हा गोड आवाजात, “तुमच्याकडे गणपती बसतो ना?” मी म्हटलं, “नाही बसत. आम्ही बौद्ध आहोत. आता कळलं असेल तर जरा भाजी वाढा.” काकूंनी घाईघाईने एक चमचा भाजी वाढली आणि पुढच्या ताटाकडे सरकल्या.

पण त्या रात्री माझं डोकंच फिरलं. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, “बाबा, याला घेतलं नाही ना, तर मी त्या कप्तानाकडून कारण काढून घेईन. ‘बघू पुढच्या वेळी’ ऐकून मी परत यायची नाही. पण कारण विचारायला तोंड हवं, तर आधी तुम्ही घोटा सोडा.”

बाबांनी ताट बाजूला सरकवलं. मग नवऱ्याला म्हणाले, “कमरेला धरा, बापू. पोरीचं ऐका.”

रविवारी बाबा खुर्चीत बसलेच नाहीत. दीड तास उभे. नवऱ्याने एकदाही घोट्याला हात लावला नाही. लाल केसवाल्याला दोनदा कमरेत धरून असा बसवला की बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. शिट्टी एकदाही वाजली नाही. बाबा माझा हात दाबत होते.

मग कप्तानाने सगळ्यांना गोळा करून यादी वाचली. नवऱ्याचं नाव नव्हतं.

मी ओल्या गवतातून तरातरा चालत गेले. चपला चिखलाने भरल्या. कप्तान पिशवीत चेंडू भरत होता.

“का नाही घेतलं त्याला?” मी विचारलं. “खरं कारण सांग. बघू-करू नकोय मला. आज त्याने एकही फाऊल केला नाही.”

मग त्याने पिशवी खाली ठेवली आणि सरळ सांगितलं. “त्याला लाथ मारता येत नाही. उजव्या पायाने वाकडी जाते, डाव्याने जातच नाही. थोडं पळाला की दम लागतो. चेंडू वरून आला की डोळे मिटतो. पकड फार छान आहे, टीममध्ये कुणाचीच तशी नाही. पण चेंडू हातात आल्यावर तो काय करणार? माणूस म्हणून मला तो खूप आवडतो. खेळाडू म्हणून अजून वाईट आहे.”

दर रविवारी खुर्ची टाकून मी हेच तर बघत होते. लाल केसवाल्याचे, उंच माणसाचे सगळे दोष मला पाठ होते. नवऱ्याचे मिटलेले डोळे तेवढे मी बघायचे टाळले होते. मला राग यायला हवा होता आणि तो येईना.

मागून बाबा आले. “काय म्हणाला?”

मी शब्दन्‌शब्द सांगितलं. लाथ, दम, डोळे, सगळं.

“अजून?”

“एवढंच.”

“आडनावाचं, गावाचं काही?”

“बाबा, त्याला आपलं आडनाव धड म्हणतासुद्धा येत नाही.”

“म्हणजे खेळता येत नाही, म्हणून काढलं?”

“हो.”

“नुसतं तेवढ्यासाठी?”

“हो, बाबा.”

बाबा वळले आणि नवऱ्याकडे निघाले. तो गवतात बसून बुटांच्या नाड्या सोडत होता, मान खाली घालून. बाबांनी त्याला दोन्ही दंडांना धरून उभा केला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. आयुष्यात मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं.

“जावईबापू!” सगळी टीम वळून बघत होती, त्यांना पर्वा नव्हती. “तुम्हाला खेळता येत नाही हो! नुसतं खेळता येत नाही!”

नवऱ्याने घाबरून माझ्याकडे बघितलं. बाबांनी त्याला गदागदा हलवलं.

“अहो, हे तर शिकता येते!”