मागचं पुसट

नव्या कॅमेऱ्यात मागचं सगळं पुसट करून चेहरा तेवढा उठून दाखवायला मी शिकलो, आणि पहिला फोटो आईचा काढला. मागचं जितकं लांब तितकं पुसट येतं, म्हणून तिला शोकेसपासून चांगलं लांब बसवलं. फोटो अगदी मनासारखा आला.

आईने तो बराच वेळ न्याहाळला. "शोकेस कुठंय?"

"मागे आहे. मुद्दाम पुसट केलंय, म्हणजे तू उठून दिसतेस."

"मग सकाळपासून मी त्यातल्या कपबशा कशाला पुसल्या?"

मला जे नुसतं मागचं वाटलं, तो तिने एकेक करून जमवलेला संसार होता. पुढचं काय नि मागचं काय, हे कॅमेऱ्याने कुणाला विचारून ठरवायचं?

तेवढ्यात आई उठली, शोकेसला पाठ टेकवून ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "आता कर बघू पुसट!"