रिबेकाचे गोल कोपरे

रिबेका गेल्याचं मला तिच्या भावाने इस्रायलहून फोन करून सांगितलं. मी इथे पनवेलमध्येच, तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते, आणि बातमी आली ती इतक्या लांबून... सकाळी रिबेकाच्या आईला बघायला येणाऱ्या बाईंनी आधी त्यालाच कळवलं होतं. "झोपेतच गेली गं. मी येईपर्यंत आईजवळ बसशील?" एवढंच तो बोलला.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास आम्ही दोघी स्टेशनजवळच्या एका छोट्या ऑफिसात वेबसाइट बनवायचो. तेव्हा ब्राउझरला सरळ चौकोनच काढता यायचे. गोल कोपरा हवा असेल तर कोपऱ्यांची चार चित्रं कापून चौकोनाच्या टोकांना बसवावी लागत. रिबेका ती ठिपका ठिपका रंगवून काढायची. कडेला फिकट होत जाणारे ठिपके असे भरायची, की पायऱ्या दिसायच्याच नाहीत, नुसतं वळण दिसायचं. मी माझं काम सोडून बघत राहायचे. पुढे ब्राउझर सुधारले आणि तेच काम एका ओळीत व्हायला लागलं. तिला वाईट वाटेल, असं मला वाटलं होतं. ती मात्र स्क्रीनवरचा चौकोन लहान-मोठा करत बसली होती. "बघ ना, कितीही ताण, कोपरा फाटत नाही," म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

काही वर्षांनी तिच्या आईला अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. भाऊ दोघींना तिकडे न्यायला तयार होता, पण मावशींनी, म्हणजे तिच्या आईने, मान हलवून नकार दिला. रिबेकाने नोकरी सोडली, घरूनच कामं घ्यायला लागली आणि आईसाठी टॅबलेटवर एक पान बनवलं. मोठमोठी गोल बटणं होती त्यावर. बोट लावलं की रिबेकाचाच आवाज बोलायचा, 'पाणी दे', 'पाय दुखतोय', 'दिवा घालव'. मी गेले त्या दिवशी मावशींचं थरथरतं बोट सारखं वर्तुळाच्या जरासं बाहेर पडत होतं आणि टॅबलेट गप्प. कडेबाहेरचा स्पर्श त्याला कळतच नव्हता. शेवटी मावशींनी तोंड फिरवलं.

"चौकोनी कर ना, जागा वाढेल," मी म्हटलं.

"आधी चौकोनीच केली होती. आई हातच लावेना," रिबेका म्हणाली. "दिसायला गोलच राहू दे. हाताला जागा मोठी देते."

तिने प्रत्येक वर्तुळामागे एक न दिसणारा, मोठा चौकोन ठेवला. मावशींचं बोट पुन्हा बाहेरच पडलं... आणि आवाज आला, 'पाणी दे'. रिबेका पाणी आणायचं विसरून तशीच उभी राहिली. लेकीच्या आवाजात आई बोलत होती.

आता तिचा भाऊ येऊन आईजवळ राहिला आहे. परवा मावशींना भेटायला गेले. थोडा वेळ बसून उठले, तशी त्यांनी टॅबलेट पुढे ओढला. बोट हलत हलत वर्तुळाच्या शेजारी, पांढऱ्या जागेवर टेकलं.

"चहा घेऊन जा," रिबेका म्हणाली.

मी पुन्हा खाली बसले.