चावी माझ्या हातात होती

असे अनुभव मी आजवर फक्त वाचले आहेत, आणि खरं सांगायचं तर वाचता वाचता मनातल्या मनात त्यांच्या चुका काढल्या आहेत. वारा असेल, झोप झाली नसेल, भीतीने भास झाला असेल... मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे असं काही लिहायला मला संकोच वाटतो. पण पाच महिने झाले, पुस्तक उघडलं की मन तिथेच जाऊन बसतं. म्हणून जे जसं झालं तसं लिहितो. कुणाला यात चूक सापडली तर जरूर सांगा. मला ती हवीच आहे.

आमचं गाव कळसाडी, तालुका शहादा. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबांची एक जुनी डिझेल पिकअप आहे, सोळा वर्षांची. कापूस, केळी, लग्नाचा मंडप, वऱ्हाड, सगळं तिने वाहिलंय. मी दहावीपासून तिच्या बॉनेटमध्ये डोकं घालत आलोय, त्यामुळे तिची कुरकुर मला बऱ्यापैकी कळते.

माझी धाकटी बहीण सोनी. तिची नर्सिंगची प्रवेश परीक्षा मे महिन्यात होती, केंद्र नंदुरबार. गेट साडेनऊला बंद. एक मिनिट उशीर झाला तरी वर्ष वाया. आणि आमच्याकडे मुलीचं वर्ष वाया जाणं म्हणजे नुसतं वर्ष जाणं नसतं. मामांनी एक स्थळ आधीच आणून ठेवलं होतं. आबा म्हणाले होते, ‘पेपर दे, लागलं तर शिक, नाहीतर मग बघू.’ त्या ‘मग बघू’चा अर्थ सोनीला बरोबर कळला होता.

आदल्या दिवशी आबा तळोद्याला एका नातेवाइकाच्या दहाव्याला गेले, रात्री तिथेच थांबणार होते. आम्ही सकाळच्या बसने जायचं ठरलं होतं. पण बस आलीच नाही. सात वाजायला आले तेव्हा सोनी फाट्यावरून धावतच घरी आली.

“भाऊ, बस कोठे ऱ्हायनी आते? तू गाडी काढ ना!”

मी गाडी काढली. मायने तिच्या हातावर दही-साखर ठेवली, ती सोनीने पळतच चाटली. चावी फिरवली, स्टार्टरचा सेल मारला, गाडी सुरू झाली. बस्स, एवढंच मला आठवतं. हे ‘एवढंच’ पुढे महत्त्वाचं आहे, म्हणून लिहून ठेवतो.

शहादा मागे पडलं, प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल ओलांडला, आणि पुलानंतर साधारण अर्ध्या किलोमीटरवर गाडीने ओढ सोडली. दोन आचके... आणि बंद. घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं.

मला वाटलं, पाणी असेल. जुन्या टाकीत तळाला पाणी साचतंच. फिल्टरखालचा स्क्रू सैल केला, अर्धी वाटी गढूळ पाणी निघालं. मग हातपंप मारून लाइनमधली हवा काढली. आधी फेस आला, मग स्वच्छ डिझेल. मनात म्हटलं, झालं काम. सेल मारला. इंजिन जोरात फिरलं, म्हणजे बॅटरी ठीक होती. पण धरेना.

परत हवा काढली. परत सेल. नाही.

सोनी रस्त्याच्या कडेला हात करून उभी होती. एक जीप गच्च भरून गेली, एक कार थांबलीच नाही. तिच्या हातात हॉलतिकीट ठेवलेली प्लॅस्टिकची पिशवी होती, आणि ती पिशवी सारखी चुरचुर वाजत होती. ती रडत नव्हती. त्याचाच मला जास्त धसका बसला.

समोरून, म्हणजे नंदुरबारकडून, दुधाचे रिकामे कॅन अडकवलेली मोटारसायकल आली. पन्नाशीचे गृहस्थ, डोक्याला रुमाल. थांबले.

“काय भो, घोडं बसनं का?”

“बसनं, काका.”

“डिझेल टाकेल शे, का तापीना पाणीवर चालाडस?”

मला हसू आलं नाही. सोनीकडे बघून त्यांनी मोटारसायकल स्टँडवर लावली. मी परीक्षेचं सांगितलं. ते म्हणाले, कॅन उतरवून हिला मागे बसवून सोडलं असतं, पण टायरचं पंक्चर काढत काढत इथवर आलोय, दोघांचं वजन घेणार नाही. मग स्वतःच बाही वर करून बॉनेटमध्ये वाकले.

“हवा काढी का?”

“दोनदा काढी.”

“मंग पुढला पाइप ढिला करीसनी दख. डिझेल येस का?”

पाइप सैल करून सेल मारला. थेंबही नाही. म्हणजे डिझेल इंजिनाच्या पंपापर्यंत येतंय, पंपाच्या पुढे जात नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या गाडीच्या पंपावर एक सोलेनॉइड आहे, अंगठ्याएवढा. चावी फिरवली की त्याला करंट जातो, तो ‘टक्’ असा आवाज करून उघडतो, आणि मगच डिझेल पुढे जातं. करंट नाही तर डिझेल नाही. मी चावी फिरवून कान दिला. टक् नाही. फ्यूज पाहिला, शाबूत होता.

काका मात्र पंपाकडे बघत राहिले होते.

“अरे भो... आठली वायर कोठे शे?”

मी वाकून पाहिलं. सोलेनॉइडच्या डोक्यावरचा पितळी टर्मिनल नागडा होता. त्याला जोडणारी वीतभर वायर तिथे नव्हतीच. तुटलेली नाही, जळलेली नाही, लोंबत असलेली नाही. नव्हती. नट मात्र नीट आवळलेला.

“मन्हा मेव्हणानी अशीच पिकप मी चार वरीस चालाडी,” काका म्हणाले. “वायर नही तं गाडी नही. तू घरथीन कशी काढी?”

याचा विचार करायला वेळ नव्हता. उपाय सोपा होता: कुठलीही एक वायर बॅटरीपासून थेट त्या टर्मिनलला जोडायची. मी इग्निशनमधून चावी काढली, तिच्याच टोकाने दाराचा पत्रा उचकटला आणि आतल्या स्पीकरची वायर ओढू लागलो. वायर निघेना. आठ चाळीस. घामाने हात सटकत होते. सोनी दमून आत सीटवर येऊन बसली होती, काका बॉनेटपाशी उभे होते.

आणि टक् असा आवाज आला.

स्पष्ट. कोरडा. जसा रोज येतो तसाच.

आम्ही तिघेही जागच्या जागी थांबलो. काकांनी बॉनेटआडून विचारलं, “पोरी, चावी फिरावी का तू?”

सोनी म्हणाली, “नही काका. चावी भाऊना हातमा शे.”

होती. दाराच्या पत्र्यात खुपसलेली, माझ्या मुठीत.

काकांनी पंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरची मघाची थट्टा पार गेली होती. त्यांनी पुढचा पाइप स्वतः आवळला, हळूच बॉनेट लावलं आणि दोन पावलं मागे सरकले.

“जा. आते काहीच इचारू नको. नि बंद नको करजो.”

मी चावी लावली, सेल मारला. पहिल्या झटक्याला गाडी सुरू झाली.

नंदुरबारपर्यंत मी रेडिओला हात लावला नाही, हॉर्नसुद्धा दोनदाच वाजवला. नऊ वाजून सव्वीस मिनिटांनी सोनी गेटमधून आत पळाली. मागे वळून पाहिलं नाही तिने.

मग मी इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडलं. हे मी शपथेवर सांगतो... इंजिन चालू होतं, आणि टर्मिनल तसाच नागडा. मी त्यावर बोट ठेवून पाहिलं. मग बाजूने, खालून, मोबाइलच्या टॉर्चने. काही नाही.

बंद करायची हिंमत होईना. सोनीला परत न्यायचं होतं. पंधरा-वीस मिनिटांनी गेटवरचे शिपाई ओरडत आले.

“ओ दादा! आत मुलं पेपर लिहितायत. तुमचा ट्रॅक्टर बंद करा आधी.”

मी चावी फिरवली. गाडी नेहमीसारखी बंद झाली. यातही खरं तर कोडं आहे, कारण त्या चावीचा आणि पंपाचा संबंधच उरला नव्हता. पुन्हा सुरू करून पाहिली. अर्थात झाली नाही.

आबांना फोन केला. गाडी घेऊन नंदुरबारला आलोय म्हटलं. ते “तठेच थांब,” एवढंच म्हणाले. तळोद्याहून मिळेल त्या वाहनाने ते बारापर्यंत पोहोचले. गाडीकडे न बघता आधी मला पाहिलं.

“तू गाडी आठलोंग कशी लयनी?”

आणि गाडी इथवर आलीच कशी, हे विचारतानाच शर्टाच्या खिशातून, तंबाखूच्या पुडीमागून, त्यांनी एक वीतभर लाल वायर काढली. दोन्ही टोकांना नटाखाली बसणाऱ्या कड्या.

इथे आबांचं थोडं सांगायला हवं. त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. भाऊबंद येतात, ‘जरा गाडी दे, वाळू आणायची, पाहुणे सोडायचे.’ घरात आबा नसले की माय चावी देऊन टाकते, आणि मीही देतो. गाडी नादुरुस्त होऊन परत येते. म्हणून बाहेरगावी जाताना आबा ही वायर काढून खिशात ठेवत. कुणी नेऊ पाहिली तर गाडी सुरूच होत नसे. ‘बंद पडलीय बाबा, काय करू’ म्हटलं की नातंही राखलं जाई. आम्हालाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कुणापुढे तरी बोलून जाऊ. त्या दिवशीही त्यांनी वायर आदल्या सकाळीच काढली होती. आम्ही बसनेच जाणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

मला वाटलं होतं ते आश्चर्य करतील. त्यांनी नाही केलं. ते फुटपाथवर बसले आणि वायर बोटाला गुंडाळत राहिले.

“मन्हामुये पोरीना पेपर बुडी जाता,” म्हणाले. दोनदा.

नंतर मी कॉलेजातल्या आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सोलेनॉइडची स्प्रिंग घाणीने अडकून उघडी राहिली असेल, म्हणाले, आणि घाईत निरीक्षण चुकतं. पटण्यासारखं आहे. म्हणून मी सोलेनॉइड खोलून पाहिला. स्प्रिंग कडक, आत स्वच्छ. वायर काढून अकरा वेळा गाडी सुरू करून पाहिली. थंड असताना, गरम असताना, हलवून, ठोकून. अकराही वेळा नाही. बारावी वेळ करायला गेलो तेव्हा सोनीने चावी काढून घेतली.

त्या सकाळी घरून निघताना टक् वाजलं होतं का, हे मला कितीही ताण दिला तरी आठवत नाही. आणि त्या दूधवाल्या काकांचं नाव विचारायचं राहून गेलं. प्रकाशा गावात दोनदा चौकशी केली, एकदा तेच पुलावर समोरून गेले. मी हात केला. त्यांनी ओळखलं, नक्की ओळखलं, पण गाडी थांबवली नाही.

सोनीचा नंबर लागला, धुळ्याला. मामांचं स्थळ परस्पर दुसरीकडे गेलं. आबा आता लोकांना तोंडावर नाही म्हणतात. नीट जमत नाही त्यांना, नाही म्हणून वर चहा पाजतात, पण म्हणतात.

होस्टेलला जायच्या दिवशी आबांनी पहाटेच गाडी धुऊन दारात लावली होती. नवा फिल्टर, बॅटरीचे टर्मिनल घासलेले, वायर जागेवर. सोनीने पेटी आणि गादी मागे चढवली, आणि स्वतः मात्र फाट्याकडे चालू लागली.

“पेटी तू लई ये, भाऊ. मी बसमा जासू.”

“कसाले? घाबरस का?”

तिने नकारार्थी मान हलवली. “परत तिन्हामा बसनू तं तिन्हाकडे परत काहीतरी मागासारखं व्हई. तिनी एकदाव दिधं, तितलंच बस.”

बस त्या दिवशी वेळेवर आली. धुळ्यापर्यंत मी तिच्या मागे मागे गेलो, पुढच्या बसच्या खिडकीत सोनीची ओढणी शोधत. माझ्या गाडीने वाटेत एकदाही आचका दिला नाही. आणि मी ते सगळे तास, कशासाठी ते ठाऊक नाही, पंपाकडे कान लावून बसलो होतो.