बॉर्डरची तालीम

ही गोष्ट सुमनला माहीत नाही. सुमन माझी बायको, आणि तिला माहीत नाही म्हणजे कुणालाच माहीत नाही असं समजा, कारण माझ्या पोटात दुसरं काही कधी राहिलेलं नाही. हे एक राहिलं. तशी अर्धी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे — आमच्या संघात ती विनोद म्हणून सांगत, मीही मान खाली घालून हसत असे. उरलेली अर्धी आज सांगतो. तुम्हालाच का? ओळख नाही म्हणून असेल.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे असतात. तालमीत कुस्ती होते, पण तिथलीच पोरं मैदानात फुटबॉलही खेळतात, म्हणून नवा खेळाडू भेटला की पहिला प्रश्न ठरलेला — तू कुठल्या तालमीचा? म्हणजे कुठल्या संघाचा. हा शब्द लक्षात ठेवा. माझं सगळं पाप या एका शब्दाच्या आडोशाला बसलेलं आहे.

एका सरकारी खात्याने मला खेळाडू म्हणून नोकरीवर घेतलं आणि चंदीगडला पाठवलं. खात्याचा संघ मोठा होता, देशभर स्पर्धा खेळायचा. मी मधल्या फळीत, दहा नंबर. बॉल माझ्याकडे यायचा आणि तिथून पुढे कुणाकडे जायचा ते मी ठरवायचो. पहिल्या वर्षी माझ्या हिंदीला सगळे हसले. मीही हसलो. पुढे कानावर सतत तेच पडून, पेपर वाचून हिंदी सुधारलं — पण तोवर लोकांना माझं मोडकं हिंदी आवडायला लागलं होतं. नीट बोललो की कुणी वळूनही बघत नसे. चुकलो की पंजाबी पोरं गळ्यात पडायची. मग मी चुकत राहिलो. काय बिघडतं, असं वाटलं. परक्या गावात माणूस काहीतरी धरून राहतोच ना?

पंजाबातले तेव्हाचे अतिरेक्यांचे दिवस तुम्हाला माहीत असतील. पेपर उघडला की पहिल्या पानावर मेलेल्यांची संख्या. आमची बस मोहालीकडून येताना दोनदा थांबवली जायची, दोन्ही वेळा सगळ्यांनी खाली उतरायचं. पगडीवाल्या पोरांना जरा जास्त वेळ उभं राहावं लागे. अंधार पडायच्या आत सगळे आपापल्या घरी. अशा एका वर्षी, मोसमाआधीच्या सराव शिबिरात, लखविंदर आला.

सगळे त्याला लक्खी म्हणत. बॉर्डरजवळच्या गावचा, विशीचा पोरगा, दाढी अजून नीट भरली नव्हती. बॉल पायाशी आला की तो मान वर करायचा. तुम्ही फुटबॉल खेळला असाल तर तुम्हाला कळेल मी काय म्हणतो ते. आम्ही बाकीचे बॉलकडे बघून मग माणसाकडे बघायचो. हा आधीच सगळं बघून बसलेला असायचा. आमचे कोच तोलून-मापून बोलणारे गृहस्थ, पण त्याच्याबद्दल बोलताना त्यांचा तोल जायचा. हा पोरगा कप आणणार, हा देशाकडून खेळणार. खात्यातले साहेब लोक संध्याकाळी गाड्या लावून त्याचा सराव बघायला यायला लागले. एवढ्याशा खांद्यांवर किती जणांनी किती ठेवलं. चुकायचाही तो, पास घाईने द्यायचा, पण त्याच्या चुकांचंही कौतुक व्हायचं.

कोच मला म्हणाले, पोराला सांभाळ. मी सांभाळला. रविवारी जेवायला घरी आणायला लागलो. सुमनने त्याला पहिल्या दिवशीच पोटाशी धरलं. "आवो, किती वाळलंय लेकरू, त्येला अजून एक भाकरी वाडा की," म्हणायची. तो मला पाजी म्हणायचा, तिकडे थोरल्या भावाला म्हणतात तसं. सुमनला पहिल्यांदा हसू आवरेना. मराठीत पाजी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

जेवताना एकदा त्याला मी तालमींचं सांगितलं. त्याला तो शब्द फार आवडला. हिंदीत, पंजाबीत तालीम म्हणजे शिक्षण, ट्रेनिंग — संघाला कुणी तालीम म्हणतं हेच त्याला नवल. त्याच्या गावात एका म्हाताऱ्या मास्तरांनी पोरांना शेताच्या कडेला बॉल शिकवला होता, शेत संपलं की बॉर्डर. तो म्हणाला, तर मग मी बॉर्डरवाल्या तालमीचा. झालं, आमच्या दोघांत तो विनोदच झाला. मैदानात मी ओरडायचो, ए बॉर्डरची तालीम, इकडे बघ. तो हसायचा.

त्याच्या आईचं पत्र आलं की तो ते सुमनला हिंदीतून सांगायचा. आईचं म्हणणं एकच — परत येऊ नकोस. गावात त्याच्या वयाच्या पोरांना रात्री अतिरेकी न्यायला येत, आणि दिवसा पोलीस. संघात निवड झाली तर खात्याची नोकरी, ओळखपत्र, होस्टेल. त्या पोराला संघातली जागा म्हणजे कप नव्हता. जिवंत राहण्याची सोय होती. हे मला माहीत होतं. नीट ऐका — हे मला तेव्हा माहीत होतं.

आणि माझं काय जाणार होतं? काही नाही. नोकरी पक्की होती. दहा नंबर गेला असता, मी फायलींच्या टेबलावर बसलो असतो, पोट सुटलं असतं. एवढंच.

निवडीच्या आधीच्या रविवारी कोचही जेवायला आले. माझ्या घरी जेवता जेवता त्यांनी सांगितलं, या वर्षी दहा नंबर लक्खी. तू माझ्या शेजारी बाकावर बस, बाहेरून त्याला सांगत राहा. मी बरं म्हणालो. खरं सांगतो, तेवढं मी गिळलं असतं. वय कुणाला चुकलंय? पण वातावरण जरा जड झालं, आणि ते हलकं करायला म्हणून लक्खी उठला. त्याने माझी नक्कल केली. मी मैदानात बॉल मागायचो तशी — हात वर, मान वाकडी: "अरे, मेरेको दे ना. मैं खाली है."

मोकळा आहे म्हणायचं असायचं मला. पण खाली म्हणजे रिकामा.

माझी मुलगी मनू तेव्हा शाळकरी होती. तिला मराठी कळायचं, बोलायची हिंदीच. तिच्या नाकातोंडातून पाणी आलं हसताना. मग तीही उठली, हात वर, मान वाकडी — पप्पा खाली है, पप्पा खाली है. कोच हसले. सुमन हसली. मी सर्वांत मोठ्याने हसलो. आणि हसता हसता पोटात काहीतरी असं पेटलं, की ते आज सांगतानाही कोमट आहे. ज्या दिवशी माझी जागा काढून घेतली त्याच दिवशी, माझ्याच मुलीसमोर. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, मला कळतं. पण कळण्याने काय विझतं? मला जागा परत नको होती. मला तो पोरगा रडलेला बघायचा होता.

संधी आठवड्याच्या आत आली. खात्याचे सुरक्षा अधिकारी निवड होण्याआधी नव्या पोरांची माहिती काढायचे. लष्करातून निवृत्त झालेला माणूस, कडक, कमी बोलणारा. त्यांनी मला चहाला बोलावलं. तू जुना आहेस, बाहेरचा आहेस, तुझा इथल्या कुणाशी संबंध नाही, तू खरं सांगशील — असं म्हणाले. लडका कैसा है?

मी आधी त्याची स्तुती केली. चांगला पोरगा, निर्व्यसनी, आईवर जीव. मग कप खाली ठेवला आणि म्हणालो, "उसका तालीम बॉर्डर का है, साब."

त्यांनी वर बघितलं. तालीम? मतलब ट्रेनिंग?

इथे थांबतो जरा. इथे फक्त एक शब्द हवा होता — फुटबॉल. फुटबॉलची, साहेब, आमच्याकडे संघाला तालीम म्हणतात. एवढं बोलायला किती वेळ लागतो? त्या दिवसांत ट्रेनिंग आणि बॉर्डर हे दोन शब्द शेजारी ठेवले की ऐकणारा काय ऐकतो — पोरगा पलीकडून बंदूक शिकून आलाय — हे चंदीगडमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी म्हणालो, "हां साब. ट्रेनिंग. पक्का."

संघात नंतर पसरली ती गोष्ट अशी, की बिचाऱ्या मराठी माणसाने आपल्या भाषेतला शब्द हिंदीत वापरला आणि घोटाळा झाला. ही सगळ्यांची अर्धी गोष्ट. आता माझी अर्धी ऐका. तालीम स्त्रीलिंगी आहे. मराठीतही, हिंदीतही. उसकी म्हणायला हवं हे मला पक्कं ठाऊक होतं. मी घरून निघतानाच ठरवलं होतं की उसका म्हणायचं. का? उद्या कुणी विचारलंच तर चूक आधीपासून वाक्यात असावी म्हणून. सायकलवरून जाताना मी ते वाक्य म्हणून पाहिलं होतं.

लक्खीला पोलिसांनी चौकशीला नेलं. त्याला परत सोडलं तेव्हा निवड होऊन गेली होती. कोचने मैदानावर नावं वाचली, त्यात तो नव्हता. दहा नंबर पुन्हा माझ्याकडे आला, आणि मी खाली मान घालून जर्सी घेतली. कोच मला बाजूला घेऊन ओरडले, काय सांगितलंस तू त्यांना? मी डोकं खाजवलं. तालीम यानी टीम, साब, हमारे उधर ऐसाइच बोलता है. त्यांनी कपाळाला हात लावला. धावत अधिकाऱ्यांकडे गेले. पण त्या वर्षांत एकदा घेतलेला संशय परत कोण घेणार?

होस्टेल सोडताना लक्खी आमच्या घरी आला. सुमन रडत होती. तो दारातच उभा राहिला, बूट काढले नाहीत. त्याचे डोळे सुजलेले होते, म्हणजे मला हवं होतं ते झालं होतं. आणि मला बरं वाटलं. हे सांगायला जड जातं, पण मला बरं वाटलं, पोटभर जेवल्यासारखं. सुमनने त्याला भाकऱ्या बांधून दिल्या. मी त्याला बसस्टँडवर सोडायलाही गेलो. बस सुटेपर्यंत थांबलो. मला वाटलं, आता मनूला कळेल कोण खाली आहे.

तो मोसम मी खेळलो. बरा खेळलो, कप मिळाला नाही. लोक म्हणत, लक्खी असता तर. ते ऐकलं की माझी तृप्ती थोडी कमी व्हायची, एवढाच माझा पश्चात्ताप. त्याच्याबद्दल मी कधी चौकशी केली नाही. सुमनने दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही.

पुढे मी निवृत्त झालो. मनूने मोहालीतच लग्न करून घर केलं, आम्हीही तिथेच राहिलो. गुडघा दुखतो म्हणून एकदा सेक्टर बत्तीसच्या सरकारी दवाखान्यात गेलो, एकटाच. हाडांच्या विभागाबाहेर बाकावर बसलो होतो, तर समोरून हाक आली. "पाजी."

दाढी पांढरी, अंगाने सुटलेला, शेजारी तरुण मुलगा. एक पाय पुढे ताठ ठेवून बसला होता, वाकत नव्हता तो. मी पायाकडे बघितलं हे त्याने बघितलं. अजूनही आधीच सगळं बघून बसलेला असतो तो. म्हणाला, एकदा नाव कागदावर आलं की येतच राहतं, पाजी. मला पोलिसांनी गावातून चार-पाचदा नेलं. एकदा परत आलो ते असा आलो. मग सुमनची विचारपूस केली, मनूची केली. माझा हात हातात घेऊन मुलाला म्हणाला, "बेटा, यही हैं वो. इनका कोई कसूर नहीं था. बेचारे को हिंदी नहीं आती थी." आणि हसला. मन मोकळं करून, जुन्या विनोदाला हसतात तसा. मला सांगितलं, आई तुम्हाला शिव्या द्यायची तेव्हा मी तिला थांबवायचो. मी म्हणायचो, पाजीच्या मनात काही नव्हतं.

आता बोलायचं होतं मला. चंदीगडमध्ये माझं आयुष्य गेलंय, माझं हिंदी आज कुणाही मास्तरासारखं आहे. मनूची मुलं मला अडलेले शब्द विचारतात. माझ्याकडे सगळे शब्द होते, आणि त्याचा हात माझ्या हातात होता.

मी त्याच्याकडे बघितलं, मान वाकडी केली आणि म्हणालो, "हां लक्खी. मेरेको अभी भी नहीं आता."

तो आणखी हसला. आतून माझं नाव पुकारलं, मी उठून गेलो.