गुलाबरावच्या बीपीची चार वाजताची उडी

बॉयलरवर उमर घालवलेली माणसे निवृत्त होऊन एका बाकावर बसली की किस्से आपोआप साठतात. त्यात दंडाला बीपीचे मशीन बांधले, तर विचारायलाच नको.

मी चौथी शिकलेला. माझी सून स्नेहल कॉलेजात गणित शिकवते. माणसाचे बीपी दिवसभर एका तालात चढते-उतरते. तो ताल ती गणिताने शोधते. प्रताप नगरच्या बागेतले आम्ही दोस्त तिच्या तपासणीला तयार झालो. खरी गरज गुलाबरावला होती. एकाच गोळीने त्याला भोवळ येई, आणि डॉक्टर दुसरी सुरू करायच्या बेतात होते. "आधी ग्राफ आणा, मग ठरवू," एवढीच सवलत मिळाली.

*

पहिल्यांदा स्नेहलने वह्या दिल्या. दर दोन तासांनी बीपी मोजून लिहायचे. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने गुलाबरावची वही उघडली. सगळीकडे १३०-८०!

"काका, हे बीपी आहे की भिंत? आणि आज संध्याकाळचे आकडे आत्ताच कसे लिहिले?"

"अवं पोरी, बॉयलरच्या आकड्यायची लॉगशीट आपण ड्युटीवर येताच भरून टाकत होतो. मागून टाइम कोणाले मिळते?"

मला लाज वाटली. मी तसे केले नव्हते. माझे आकडे खरे होते. जे वेडेवाकडे आले, तेवढेच सरळ केले होते.

*

मग तिने आपोआप मोजणारे मशीन आमच्या दंडाला बांधले. पट्टा फुगला की हात हलवायचा नाही, आणि तेव्हा काय करत होतो ते वहीत लिहायचे. भाजीबाजारात गुलाबरावने वांगे उचलले आणि पट्टा फुगला. तो वांगे धरून पुतळ्यासारखा उभा.

भाजीवाली म्हणाली, "काका, वांगं घेऊन राहिले का मुहूर्त पाहून राहिले?"

*

"बॉयलरचं प्रेशर चढलं तं सेफ्टी वॉल्व उडते. माणसाचा वॉल्व कुठं असते वं?" गुलाबरावने स्नेहलला विचारले.

त्याची बायको शांताबाई शेजारीच होती. "ह्यायचा वॉल्व तोंडात हाये. दिवसभर उडूनच राहते!"

*

स्नेहलने माझ्या मशीनच्या आकड्यांवरून कागदावर एक लाट काढली. बॉयलरचा चार्ट वाचल्यासारखे मी सांगितले, "सकाळी लोड चढला. दुपारी झोपलो तिथं उतरला. संध्याकाळी पुन्हा चढला."

"बाबा, एवढं वाचायला मी पोरांना महिनाभर शिकवते!"

"महिना काहून लागते?" मी विचारले.

*

गुलाबरावची लाटही चांगली निघाली. फक्त रोज चार वाजता एक आकडा लाट सोडून वर उडी मारी. डॉक्टरने लगेच गोळी लिहावी असा. नोंदीत चारच्या पुढे एकच शब्द: 'आराम'.

स्नेहलला पटेना. ती मला घेऊन चारला त्याच्या घरी गेली. गुलाबराव फाटकाशी खुर्ची टाकून बसला होता. दंडावर पट्टा फुगत होता. समोर गल्लीत शांताबाई स्कूटर शिकत होत्या.

"ब्रेक! ब्रेक दाब वं! नालीत जाशीन!"

"काका, हा आराम?" स्नेहलने विचारले.

"बसून तं राहिलो ना!"

दवाखान्यात डॉक्टरांनी ग्राफ पाहिला, हकीकत ऐकली आणि ते हसले. "बाकी दिवस उत्तम आहे. दुसरी गोळी नको. फक्त काकूंचं स्कूटर शिकणं तेवढं थांबवा."

गुलाबरावने बाजूला बसलेल्या शांताबाईंकडे पाहिले. शांताबाईंनी त्याच्याकडे पाहिले.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "तुम्ही गोळीच लिहा!"